चौथी वाटी

आईनं कानामागचं मशीन काढायला हात वर नेला आणि तिला फ्रिज ऐकू आला.

आधी तिला कळेचना, हे काय आहे. भिंतीपलीकडे कुणीतरी न थांबता हुंकार भरत होतं. ती खोलीच्या मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजच्या दारावर तळहात ठेवला. हाताला जाणवणारी थरथर आणि कानातला हुंकार एकच होता. तेवढ्यात फ्रिजनं अंग झटकल्यासारखं केलं आणि तो गप्प झाला. आईला हसू आलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात.

मशीन देणाऱ्या मुलीनं बजावलं होतं, पहिल्या दिवशी थोडाच वेळ घाला, डोकं जड होईल. टॅक्सीत ते झालंच होतं. रस्त्यावरचे सगळे हॉर्न जणू तिच्याच नावानं वाजत होते. म्हणून घरी आल्या आल्या, "मी हे काढून ठेवते गं," असं तिघा मुलांना सांगून ती आत आली होती. आता मात्र तिनं हात खाली घेतला. केस कानांवर नीट ओढून घेतले, मशीनची रिकामी डबी आरशापुढे ठेवली आणि ती बाहेरच्या खोलीत आली.

सांगणार होती ती. काढलं नाही बरं का, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण टेबलाशी बसलेला दादा नेमका तेव्हाच बोलला.

"आईला आवडलं वाटतं. टॅक्सीत कशी बघत होती, जत्रेत आल्यासारखी."

आई जागीच थांबली. तो आवाज तिच्या नवऱ्याचा होता. तसाच थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी खाली बसणारा. तिला नीट ऐकू यायचं तेव्हा दादाचा आवाज नुकता फुटत होता, बोलता बोलता किंचाळायचा आणि मग तो स्वतःच लाजायचा. मधल्या काळात तो कुठे जाऊन पोचला, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? दादा बिस्किटाच्या पुड्यात बोट घालून चाचपत होता आणि त्याच्या वडिलांच्या आवाजात विचारत होता, "हा पुडा संपवला कुणी?"

तिनं खुर्ची ओढली आणि बसली. हातांना काहीतरी हवं म्हणून वाटाण्याच्या शेंगांची पिशवी जवळ घेतली. आता सांगावंसं वाटेना. सांगितलं की ते तिच्याकडे वळतील, मोठा आ करून, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागतील, आणि हा आवाज पुन्हा लपून बसेल.

बाटल्यांच्या कारखान्यात तिनं उमेद होती तोवर काम केलं होतं. पट्ट्यावरून बाटल्या एकमेकींना धडका देत यायच्या आणि त्या आवाजात बायका खुणांनी बोलायच्या. कान एकदम गेले नाहीत. आधी कुजबुज गेली, मग पाखरं गेली, मग माणसं. मुलांनी मागं एकदा स्वस्तातलं मशीन आणलं होतं, ते नुसतं शिट्ट्या मारायचं. ते खणात गेलं ते गेलंच. त्यानंतर घरानं सवय लावून घेतली. आईला काही सांगायचं असलं की दंडाला हात लावायचा आणि समोर तोंड करायचं. सांगायचं नसलं की पाठ करायची. या घरात गुपितासाठी आवाज लहान करावा लागत नसे.

"चला, हिशेब उरकून टाकू," ताई म्हणाली. "मला अजून पेपर तपासायचेत."

ताई शाळेत गणित शिकवायची. तिच्या बोलण्यात एक बारीक कोरडी खाकर होती, खडूची असावी. ती आईनं कधी ऐकली नव्हती.

"मशीनचे साठ हजार मी भरले. तपासण्या, डॉक्टर आणि गाडीभाडं मिळून दादाचे नऊ. मशीन कोरडं ठेवायची ती पेटी आणि साफसफाईचं सामान, छकुलीचे तीन. बरोबर?"

"बरोबर," छकुली म्हणाली. ती ताईपेक्षा बरीच लहान, पण लहान म्हणजे तेहतीस वर्षांची. एका प्रवासी कंपनीच्या ऑफिसात लोकांच्या सहलींची तिकिटं काढून द्यायची. नाव मात्र छकुलीच राहिलं होतं.

"तुझे तीन राहू देत," ताई सहज म्हणाली. "मी आणि दादा बघतो उरलेलं."

"का?"

"का म्हणजे? लहान आहेस."

"ताई, माझ्या डोक्यात पांढरे केस आहेत."

दादा हसला. ताई काही बोलणार तोच तिचा फोन वाजला. कुणा विद्यार्थ्याची आई होती. "हो, बोला," म्हणत ताई गॅलरीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. दादानं टेबलावरचे कप गोळा केले. छकुली त्याच्यामागून सिंकपाशी गेली. सिंक त्याच खोलीच्या कोपऱ्यात होतं, टेबलापासून चार पावलांवर. दोघांनी आईकडे पाठ केली आणि नळ सोडला.

"तिला सांग ना दादा," छकुली म्हणाली. "तिघांत सारखंच वाटायचं म्हणून."

"सांगतो. पण तुझ्याकडे आहेत का आत्ता?"

पाणी वाहत राहिलं. कपावर कप आपटला.

"ऑफिस बंद झालं," छकुली म्हणाली. "दोन महिने झाले. मालकानं एक दिवस कुलूपच लावलं. ताईला सांगू नकोस. आणि आईला तर अजिबात नको."

"वेडी आहेस का? मग कसले पैसे देतेस? मी भरतो तुझे."

"नको. तेच नकोय मला." तिनं नळ आणखी मोठा सोडला. "बाबांच्या आजारपणात तुम्ही दोघांनी दिलं. घर रंगवलं तेव्हा तुम्ही दोघांनी दिलं. मी आपली नुसती छकुली. या वेळी आईचे कान आहेत. मला माझा वाटा द्यायचाय, तुमच्याएवढा. कुठून आणायचे ते मी बघेन."

आईच्या हातातली शेंग फुटली आणि एक दाणा टेबलावरून टपटपत खाली गेला. तिनं तो उचलला नाही. तिला ठाऊक असलेली छकुली तोंडभर हसणारी होती. दर रविवारी यायची, दंडाला हात लावायची, समोर बसून ओठ मोठे करून सांगायची, मजेत आहे, खूप काम आहे, दमायला होतं पण मजा येते. ते ओठ आईनं दर वेळी नीट वाचले होते. पाठमोरी छकुली तिनं आज पहिल्यांदा ऐकली. तो आवाज दमलेला होता.

उठावं आणि तिला जवळ घ्यावं, असं आईच्या मनात आलं. गुडघ्यांवर हात टेकून ती अर्धी उठलीसुद्धा. मग तिला ते वाक्य आठवलं, आईला तर अजिबात नको. ती पुन्हा खाली बसली आणि पुढची शेंग सोलायला घेतली. कडेचा दोरा निघताना बारीकसा आवाज होतो, हेही तिला नवीनच होतं.

ताई आत आली. "कुठे होतो आपण?"

"तिघांत सारखं," दादा हात पुसत म्हणाला. "छकुली लहान आहे हे बंद आता. तिचं ती बघेल."

ताईनं छकुलीकडे जरा वेळ पाहिलं, मग खांदे उडवले. "ठीक आहे. मग सोपं आहे. सरासरी काढायची."

"झालं सुरू," दादा म्हणाला. "बाई, मी नापास झालो तर?"

"तू झालाच होतास सहावीत. बघ इकडे." ताईनं आईसमोरच्या कटोऱ्यातून मूठभर सोललेले दाणे घेतले आणि टेबलावर तीन वाट्या मांडल्या. "एक दाणा म्हणजे तीन हजार. माझे साठ, म्हणजे वीस दाणे. दादाचे तीन. छकुलीचा एक. आता कुणी जास्त दिलेत, कुणी कमी, ते विसरायचं. सगळे एकत्र ओतायचे आणि पुन्हा सारखे वाटायचे. चोवीस दाणे, तीन वाट्या."

"आठ," छकुली म्हणाली.

"आठ. म्हणजे प्रत्येकी चोवीस हजार. ही सरासरी. ज्याच्या वाटीत आठाच्या वर आहेत त्यानं घ्यायचे, ज्याच्या वाटीत कमी आहेत त्यानं भरायचे. दादा, तुझे पाच दाणे कमी, पंधरा हजार. छकुली, तुझे सात दाणे, एकवीस."

"एकवीस," छकुली म्हणाली. ती हसत होती. आता तिचं तोंड आईच्या बाजूला होतं आणि आवाजही हसत होता. आईनं तिच्या हातांकडे पाहिलं. तिनं टेबलाची कड घट्ट धरली होती.

आई उठली. कुणाचं लक्ष गेलं नाही. ती आतल्या खोलीत गेली, पलंगाच्या कडेवर बसली आणि बंद दाराआडूनही ऐकू येणाऱ्या त्या तीन आवाजांकडे कान देऊन राहिली. तिच्या नावावर बँकेत ठेव होती, कारखाना सोडताना मिळालेली. तिला हात लागला नव्हता. एकवीस हजार ती आत्ता काढून छकुलीच्या हातात ठेवू शकली असती. पण मग छकुली पुन्हा छकुलीच राहिली असती. आणि स्वतः तिचं काय? तिचे कान, तिचं मशीन, आणि मांडलेल्या वाट्या तीन. हे मघाशी तिला थोडं टोचलं होतं. ते टोचणं हाताशी आहे, तेच वापरावं, असं तिला वाटलं.

आरशापुढची रिकामी डबी तिनं उचलली. मागच्या दारानं स्वयंपाकघरात जाऊन फळीवरून एक वाटी घेतली. मग बाहेर येऊन डबी सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर ठेवली आणि तिच्याशेजारी, तीन वाट्यांच्या ओळीत, चौथी वाटी.

"अगं, तिला वाटतंय आपण खायला वाटाणे वाटतोय," दादा प्रेमानं म्हणाला.

"तुझ्या बापाची अक्कल," आई म्हणाली. "सगळं ऐकू येतंय मला. आत्ताच घातलंय परत."

ताई एकदम हसायला लागली आणि दादानं जीभ चावली. छकुली हसली नाही.

"आत्ताच?" तिनं विचारलं.

"हे काय, डबी रिकामी आहे बघ. तू एकवीस म्हणालीस ते दारातून आत येताना ऐकलं. कसले एकवीस?"

छकुलीनं श्वास सोडला. आईला तो ऐकू आला.

"मशीनच्या पैशांची वाटणी करतोय आई," ताई म्हणाली.

"मग माझी वाटी कुठेय?"

"तुझी कशाला? तुझ्यासाठीच तर घेतलंय."

"कान कुणाचे?"

"तुझेच, पण तू काही खर्च केलेला नाहीस ना त्यात. तुझे शून्य आहेत."

हे बोलून ताई स्वतःच थांबली. समोरच्या रिकाम्या वाटीकडे पाहत राहिली आणि मग तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"अरे देवा. ही चूक पोरं दर वर्षी करतात. ज्याच्या नावापुढे शून्य असतं त्याला भागाकारातूनच काढून टाकतात. मी घसा फोडून सांगते, शून्य दिलं म्हणजे माणूस नाही असं नसतं, त्यालाही मोजा. आणि त्यांचे मार्क कापते."

"तुझे किती कापायचे?" दादानं विचारलं.

"तू गप्प बस. पण आई, तू पैसे द्यायचे हे मला नाही पटत."

"का? मी काय पाहुणी आहे?" आई म्हणाली. आवाज थोडा चढला आणि तो तिला स्वतःलाच केवढा मोठा वाटला. तिनं तो खाली आणला. "जेवायला बोलावता, डॉक्टरकडे नेता, सगळं करता. पण काही ठरवायचं असलं की तिघंच. कुणी वाईट वागत नाही, मला माहीत आहे. ऐकू येत नव्हतं म्हणून मीही चालवून घेतलं. आता मोज मला."

ताईनं तिन्ही वाट्यांतले दाणे परत एकत्र केले आणि चार वाट्यांत घातले. एकेक, एकेक. कुणी थट्टा केली नाही. दाणे वाटीच्या तळाशी टणटण वाजत होते.

"सहा," ती म्हणाली. "प्रत्येकी अठरा हजार. दादाचे नऊ यायचे, छकुलीचे पंधरा, आई, तुझे अठरा."

"देईन," आई म्हणाली. "पण एकदम नाही जमायचे. पेन्शनमधून महिन्याला दोन-दोन हजार देईन. चालेल?"

"पण आई, बँकेत तुझी ती ठेव..." दादानं बोलायला सुरुवात केली. तिची बँकेची सगळी कामं तोच करायचा.

आईनं त्याच्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. दादाची नजर तिच्या कानाकडे गेली, मग टेबलावरच्या रिकाम्या डबीकडे, मग कोपऱ्यातल्या सिंककडे. अजून ओले असलेले कप तिथं उपडे घातलेले होते.

"ती ठेव मुदतीची आहे," तो सावकाश म्हणाला. "मध्येच मोडता येत नाही."

"नाहीच येत," आई म्हणाली.

"अगं, मग हप्त्यानं दे की, कोण मागे लागलंय," ताई म्हणाली. "माझ्याकडे एकदम आले तर मी काहीतरी खरेदी करून बसेन."

छकुलीनं टेबलाची कड सोडली होती. एक वाटाणा बोटाखाली घेऊन ती तो पुढे-मागे फिरवत होती.

"मग मीपण तसंच करू का?" ती म्हणाली. "आई देतेय तसं. महिन्याला दोन."

"कर की. दोघी मिळून आणून द्या, म्हणजे मला चहाला सोबत होईल. दादा, तू?"

"मी एकदम देतो. मला हप्ते झेपत नाहीत, विसरतो मी." तो उठला, खुर्चीमागून जाताना त्यानं आईच्या डोक्यावर हात ठेवला आणि क्षणभर तसाच ठेवला. असं तो कधी करत नसे. ताईनं भुवया उंचावल्या, पण तिला वाटलं, मशीनचा आनंद झाला असेल.

निघताना दादा सर्वांत मागे रेंगाळला. ताई आणि छकुली जिना उतरत होत्या. बुटाची नाडी बांधायला तो आईकडे पाठ करून पायरीवर बसला आणि पुटपुटला, "कधीपासून ऐकत होतीस?"

आईनं जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला.

"हा कठडा केवढा वाजतो रे," ती म्हणाली. "कुणीतरी दुरुस्त करायला हवा."

दादा हसत उठला आणि खाली गेला.

पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला आई आणि छकुली ताईकडे गेल्या. आईनं आपले दोन हजार टेबलावर ठेवले आणि त्याच्या शेजारी छकुलीनं आपले. ताईनं दोन्ही गड्ड्या एकत्र करून खणात टाकल्या. "पोचले दोघींचे," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली. छकुली त्या दिवशी बिस्किटं मागून मागून खात होती.

परतताना दोघी चालतच निघाल्या. दुपार कलली होती, दुकानांची शटर वर जात होती आणि शाळेची मुलं रस्ताभर ओरडत होती. आईला आता त्या गलक्यातूनही माणसाचा आवाज वेगळा काढता यायला लागला होता. इतकी वर्षं छकुलीला काही सांगायचं असलं की ती वळून आईच्या पुढ्यात यायची आणि उलट्या पावली चालत बोलायची. मागून सायकलवाले ओरडायचे. आज ती आईच्या बाजूनंच चालत होती, समोर पाहत.

"आई," ती म्हणाली, "तुला एक सांगायचंय. खरं म्हणजे आधीच सांगायला हवं होतं. माझं ते ऑफिस..."

आईनं चाल थोडी हळू केली.

"काय झालं गं ऑफिसला?" तिनं विचारलं, आणि पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकू लागली.